नेव्हर पुढे आला की क्रियापद का हलतं?

'स्टँडवर पोचतो न पोचतो तोच एसटी सुटली.' असं वाक्य मराठी मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यातला मधला 'न' नेमकं काय करतो, असं विचारलं तर फार थोड्यांना सांगता येईल, पण बोलताना कुणी चुकत नाही. याच वाक्याचं इंग्रजी करा म्हटलं की बारावीचा वर्ग गप्प होतो. 'नो सूनर' आठवतं, 'दॅन' आठवतं, मधलं निसटतं. मग वह्यांमध्ये दर वर्षी त्याच चुका सापडतात. 'नो सूनर आय रीच्ड द स्टँड दॅन द बस लेफ्ट.' 'नो सूनर डिड आय रीच्ड द स्टँड...' 'नो सूनर हॅड आय रीच्ड द स्टँड व्हेन...' पहिल्यात क्रियापद हललेलंच नाही, दुसऱ्यात भूतकाळ दोनदा लागलाय, तिसऱ्यात 'दॅन' गेलं आणि 'व्हेन' आलं.

बोर्डाच्या परीक्षेत 'डू ॲज डायरेक्टेड' नावाचा प्रश्न असतो. 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर... दॅन' वापरा, 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' वापरून वाक्य पुन्हा लिहा, असे गुण मिळवून देणारे हुकमी प्रश्न. मीही ते सूत्र म्हणूनच शिकलो. आधी हे लिहा, मग 'डिड', मग कर्ता, मग पहिलं रूप. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर एका विद्यार्थ्यानं साधा प्रश्न केला, 'सर, हा प्रश्न नाहीये ना, मग प्रश्नासारखं का लिहायचं?' त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जे वाचलं, पडताळलं आणि वर्गात वापरून पाहिलं, त्याचा हा आढावा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. इंग्रजीतला हा उलटा क्रम, ज्याला आपण शिक्षक मंडळी इन्व्हर्जन म्हणतो, ती सजावट नाही. पुढे आलेला नकार वाक्यात कुठवर पोचतो हे सांगणारी ती खूण आहे, आणि आपण ती सजावट म्हणून शिकवतो.

नियम तसा चार ओळींचा आहे. नकारार्थी क्रियाविशेषण किंवा तसा शब्दसमूह वाक्याच्या तोंडाशी आणला की लगेच साहाय्यक क्रियापद येतं, त्यानंतर कर्ता, मग मुख्य क्रियापद. 'आय हॅव नेव्हर सीन सच रेन' हे साधं वाक्य. 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन' हे उलटलेलं. साहाय्यक क्रियापद नसेल तर 'डू', 'डझ', 'डिड' आणावं लागतं आणि काळाचा भार त्यानं उचलला की मुख्य क्रियापद मूळ रूपात राहतं. म्हणूनच 'डिड आय रीच्ड' चूक. भूतकाळ 'डिड'नं आधीच सांगून टाकलाय. 'बी' हे क्रियापद मात्र एकटं असलं तरी स्वतःच पुढे जातं: 'नेव्हर वॉज शी सो हॅपी.' नकार पुढे आणायचा की नाही हे बोलणाऱ्याच्या मर्जीवर आहे. एकदा आणला की क्रियापद हलवणं मर्जीवर राहत नाही. निवड आणि सक्ती यांची ही जोडी वर्गात स्पष्ट सांगितली, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

हा क्रम मागणाऱ्या शब्दांचं कुटुंब बरंच मोठं आहे. 'नेव्हर', 'सेल्डम', 'रेअरली' हे क्वचितपणाचे. 'हार्डली', 'स्केअर्सली' आणि 'नो सूनर' हे एकापाठोपाठ घडलेल्या घटनांचे. 'अंडर नो सर्कमस्टान्सेस', 'ऑन नो अकाउंट', 'ॲट नो टाइम' हे ठाम मनाईचे किंवा इन्काराचे. 'हार्डली'सोबत 'व्हेन' आणि 'नो सूनर'सोबत 'दॅन' का, हेही पाठ करायची गरज नाही. 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे, 'बेटर', 'टॉलर' यांच्यासारखं, आणि तुलनेमागे 'दॅन' येणारच. एवढं सांगितलं की मुलं ती चूक सहसा पुन्हा करत नाहीत. 'लिटल' हा या घरातला वेगळा सदस्य. 'लिटल डिड आय नो' म्हणजे थोडंसं ठाऊक होतं असं नव्हे. त्याचा अर्थ 'मला कल्पनाच नव्हती'. जाणणं, वाटणं, कल्पना करणं अशा मनाच्या क्रियापदांसोबतच तो शोभतो. 'नॉट अंटिल'मध्ये आणखी एक मेख आहे: उलटापालट 'अंटिल'च्या उपवाक्यात होत नाही, पुढच्या मुख्य वाक्यात होते. 'नॉट अंटिल द रेन स्टॉप्ड डिड वी लीव्ह.' पाऊस आपल्या जागी सरळ थांबतो, आपण मात्र उलट्या क्रमानं निघतो.

'ओन्ली' या घरात कसा आला, हे पाहायला हवं. वरवर त्यात नकार नाही. पण 'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड' म्हणताना त्याआधी कळलं नव्हतं हे आपण सांगतच असतो. मराठीत आपण म्हणतो, 'तेव्हा कुठे मला कळलं.' हा 'कुठे' जागा विचारत नाही, आधीचा सगळा काळ रिकामा करतो. 'तेव्हाच' मधला 'च'ही तेच काम करतो. 'ओन्ली'च्या पोटात लपलेला नकार मराठी माणसाला 'च'च्या वाटेनं फार लवकर उमगतो. ही वाट पाठ्यपुस्तकांनी वापरलेली मी पाहिली नाही.

आता मुख्य प्रश्न. नकाराचा शब्द तोंडाशी असूनही काही वाक्यं उलटत नाहीत. 'इन नो टाइम द हॉल वॉज फुल' इथे क्रियापद जागचं हललं नाही. 'नॉट लाँग अगो', 'नॉट सरप्रायझिंगली', 'नो डाउट' यांच्यामागेही हलत नाही. पाठांतर करणाऱ्याला हे अपवाद वाटतात, पण ते अपवाद नाहीत. 'इन नो टाइम' म्हणजे 'बघता बघता', आणि सभागृह भरलंच होतं. नकार त्या तीन शब्दांच्या आतच संपला. 'ॲट नो टाइम वॉज द हॉल फुल' यात मात्र सभागृह कधीच भरलं नाही. तिथे नकार शब्दसमूहाच्या बाहेर पडून सगळ्या वाक्यावर पसरला. एडवर्ड क्लिमा या अमेरिकी भाषाभ्यासकानं १९६४ साली इंग्रजीतल्या नकारावर प्रसिद्ध केलेल्या दीर्घ निबंधात हा भेद तपासायच्या कसोट्या मांडल्या, आणि पुढच्या जवळपास प्रत्येक चर्चेची सुरुवात तिथून होते. त्यातली एक वर्गात लगेच वापरता येते. वाक्याला शेपटीचा प्रश्न जोडून पाहायचा. 'ही नेव्हर कम्स, डझ ही?' इथे शेपूट होकारार्थी आहे, म्हणजे वाक्य आतून नकारार्थी. 'द हॉल वॉज फुल इन नो टाइम, वॉझंट इट?' इथे शेपूट नकारार्थी, म्हणजे 'नो' असूनही वाक्य होकारार्थी. शेपूट होकारार्थी आली आणि नकाराचा तो शब्दसमूह पुढे आणला, तर उलटापालट करायची.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा मी फळ्यावर दोन वाक्यांत मांडतो. 'विथ नो हेल्प, शी कुड लिफ्ट द स्टोन.' आणि 'विथ नो हेल्प कुड शी लिफ्ट द स्टोन.' शब्द तेच, संख्या तीच. 'शी' आणि 'कुड' यांनी जागा बदलली आणि पहिल्या वाक्यातला स्वल्पविराम गेला, एवढाच फरक. पहिल्यात तिला कुणाच्याही मदतीशिवाय दगड उचलता येत होता. दुसऱ्यात कितीही मदत घेतली तरी तिला तो उचलता येत नव्हता. अर्थ उलटा झाला. मराठीत हीच दोन वाक्यं शब्दांनीच वेगळी होतात. 'मदतीशिवाय' म्हटलं की नकार मदतीला चिकटतो, 'उचलता येत नव्हता' म्हटलं की क्रियापदाला. इंग्रजीच्या या जोडीत वेगळा शब्द नाही, म्हणून ते काम क्रमाकडे आलं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की इन्व्हर्जन म्हणजे नुसता जोर देण्याची युक्ती असं म्हणवत नाही. जोर आहेच, पण जोर चुकला तर फार तर वाक्य मिळमिळीत होतं. इथे क्रम चुकला की दगड उचलला जातो.

नकार कर्त्यातच असेल तर मात्र काहीच हलत नाही. 'नोबडी केम' बरोबर, 'नोबडी डिड कम' असं उलटवायचं काही नाही. राज्यघटनांची भाषा याला उत्तम उदाहरण आहे. आपल्या घटनेच्या २१व्या अनुच्छेदाचं इंग्रजी 'नो पर्सन शॅल बी' असं सुरू होतं. नकार कर्त्याच्या कपाळावरच आहे, म्हणून 'शॅल' आपल्या जागी. अमेरिकी घटनेच्या १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीत एक कलम 'नॉर शॅल एनी स्टेट' असं सुरू होतं. तिथे नकार 'नॉर'मध्ये आहे, म्हणून 'शॅल' राज्याच्या पुढे येऊन उभं राहिलं. माणसाचं जीवित आणि स्वातंत्र्य दोन्हीकडे राखलेलं, पण वाक्यांचा साचा वेगळा. २१व्या अनुच्छेदाच्या मराठी अनुवादात नकार ठरल्याप्रमाणे शेवटी, क्रियापदापाशी जाऊन बसतो. आणि हाच नियम प्रश्नवाक्यांनाही लागू आहे. 'व्हू केम?' यात कर्त्याचीच चौकशी आहे, म्हणून उलटापालट नाही. 'व्हेन डिड ही कम?' यात आहे. प्रश्न आणि नकार इतके सारखे वागतात, तर त्यांचं मूळही सारखं असणार. ते इतिहासात सापडतं.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत क्रियापदाला दुसऱ्या जागेची ओढ होती. वाक्यात पहिलं काहीही येवो, दुसरं बहुधा क्रियापद. पण कर्ता सर्वनाम असला की पुष्कळदा तो क्रियापदाच्या आधी घुसायचा आणि क्रियापद तिसरं व्हायचं. तीन ठिकाणी मात्र सर्वनामालाही ही मुभा नव्हती: प्रश्नशब्दामागे, 'तेव्हा' अर्थाच्या छोट्या शब्दामागे आणि 'ने' या नकारापाशी. नकाराचा तो 'ने' वाक्याच्या तोंडी यायचा, क्रियापद त्याला बिलगून, कर्ता त्यानंतर. चौदाव्या-पंधराव्या शतकात दुसऱ्या जागेचा हा नियम ढासळत गेला आणि इंग्रजी कर्ता, क्रियापद, कर्म या सरळ रस्त्याला लागली. उलटा क्रम टिकला तो मुख्यतः प्रश्नात आणि नकारात, म्हणजे जिथे तो आधीपासून सगळ्यात घट्ट होता तिथेच.

पण हे नुसतं अवशेष राहण्याचं प्रकरण नाही, आणि इथे मला इतिहासकारांचं काम विशेष मोलाचं वाटतं. फिनलंडच्या तेर्तू नेव्हालाइनेन यांनी १९९७ साली सोळाव्या-सतराव्या शतकांच्या आसपासच्या इंग्रजीचा अभ्यास मांडला. त्यांनी त्याला उलट्या क्रमाचा पुनर्वापर असं नाव दिलं. इतर क्रियाविशेषणांमागे उलटा क्रम मागे पडत असताना नकारामागे तो पक्का होत गेला, असं त्यांना दिसलं. म्हणजे जुन्या घराचा वासा पडून राहिला नाही, तो उचलून नव्या घराला लावला गेला. आधी 'नेव्हर' पुढे येऊनही क्रियापद जागीच असलेली वाक्यं सापडतात, पुढे ती दिसेनाशी होतात. याच काळात 'डू'चा वापर झपाट्यानं वाढला. स्वीडनच्या आल्व्हार एलेगोर्ड यांचा १९५३चा ग्रंथ या 'डू'च्या वाढीचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास. आधी मुख्य क्रियापद स्वतः उडी मारायचं, 'नेव्हर सॉ आय' अशा धर्तीवर. नंतर उडी मारायचं काम साहाय्यकांकडे गेलं आणि ज्या वाक्यात साहाय्यक नाही तिथे 'डू' उभं राहिलं. बारावीच्या वहीतल्या 'डिड'ला असा पाचशे वर्षांचा वारसा आहे.

जर्मन, डच, स्वीडिश या बहिणींनी दुसऱ्या जागेचा नियम सोडला नाही. पुण्यात शाळेत किंवा मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकलेल्या मुलांना म्हणूनच 'नेव्हर हॅव आय' परकं वाटत नाही. जर्मनमध्ये 'आज', 'काल', 'घरी' यांपैकी काहीही पुढे आलं तरी क्रियापद दुसरं. आणि हा नियम युरोपापुरता नाही. आपल्याच देशात, मराठीच्याच आर्यभाषा कुळातल्या काश्मिरीत क्रियापद दुसऱ्या जागी येतं. भाषाशास्त्रात काश्मिरीचं हे वैशिष्ट्य प्रसिद्ध आहे. इंग्रजीचा हा विचित्रपणा साहेबाच्या देशाचाच, असं समजायचं कारण नाही.

सिद्धांताच्या बाजूनं सगळ्यात जास्त चर्चा झाली ती इटलीचे लुइजी रित्सी आणि बेल्जियमच्या लिलियान हेगमन यांनी पुढे आणलेल्या कल्पनेची. प्रश्नवाक्यात प्रश्नशब्द आणि क्रियापद शेजारी शेजारी यावे लागतात. तसंच वाक्यभर पसरणारा नकार आणि क्रियापद यांनाही शेजार लागतो. नकार पुढे गेला की क्रियापद त्याच्यामागे जातं. कल्पना देखणी आहे आणि प्रश्न-नकार यांचं साम्य ती एका झटक्यात सांगते. माझी अडचण वेगळी आहे. ती 'कसं' सांगते, 'कशासाठी' सांगत नाही. त्यासाठी मला अजूनही डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन जवळचे वाटतात. इंग्रजी आणि इतर भाषांतल्या नकारावरच्या १९१७च्या पुस्तकात त्यांनी एक प्रवृत्ती नोंदवली: ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून नकार वाक्यात शक्य तितका आधी आणण्याकडे भाषांचा कल असतो.

मराठी याच्या अगदी उलट दिशेला उभी आहे. 'मी उद्या तुमच्याकडे जेवायला येणार' इथपर्यंत ऐकून यजमानीण बाई पोळ्यांचं पीठ वाढवतील आणि मग 'नाही' येईल. आपला नकार शेवटी येतो आणि तिथून मागे वळून सगळ्या वाक्याला कवेत घेतो. आपण बोलताना खुणा आधी पेरतो, 'कधीच', 'मुळीच', 'अजिबात', 'कुणीच', म्हणजे ऐकणारा सावध राहतो. पण शेवटचा शिक्का 'नाही'चा. इंग्रजीत नकाराची पोच पुढच्या दिशेला असते. जे त्याच्यानंतर येतं त्याला तो शिवतो, आधीच्याला सहसा शिवत नाही. 'कोणीही तक्रार केली नाही' हे मराठीत चोख आहे. त्याचं शब्दशः 'एनीवन डिड नॉट कम्प्लेन' चूक ठरतं. ही चूक मराठी मुलं सर्रास करतात आणि शिक्षक तांबडी रेघ ओढून 'नोबडी' लिहितात. कारण एवढंच की 'एनीवन'ला स्वतःच्या आधी नकार लागतो. आता नकार पुढे आणून पाहा: 'ॲट नो टाइम डिड एनीवन कम्प्लेन.' हे निर्दोष आहे. नकार पहिल्या जागी गेला, मग कर्ताही त्याच्या पोचेत आला. 'एनी'ची चूक आणि 'नो सूनर'ची चूक या दोन वेगळ्या धड्यांतल्या गोष्टी नाहीत. इंग्रजी नकार पुढे बघतो, मराठी नकार मागे बघतो, एवढं एक लक्षात आलं की दोन्ही एकदम सुटतात.

म्हणून भाषांतर करतानाही शब्दक्रम उचलून आणायचा मोह सोडावा लागतो. 'कधी नाही मी पाहिला असा पाऊस' हे मराठी काव्यातही अवघडच वाटेल. आपल्याकडे वेगळी साधनं आहेत. 'नो सूनर'ला 'पोचतो न पोचतो तोच'. 'नॉट अंटिल'ला 'थांबल्याशिवाय नाही'. 'नॉट ओन्ली'ला 'नुसतं एवढंच नाही, तर'. 'लिटल डिड शी नो'ला 'तिच्या ध्यानीमनीही नव्हतं'. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पिढ्या तयार झाल्या त्या अशाच जोड्या घोटून. त्यातलं घोटणं आपण ठेवलं, तुलना सोडून दिली.

वापराकडे वळू. ही रचना बोलण्यात खरंच येते का? इंग्रजी व्याकरणाच्या दोन मोठ्या ग्रंथांनी, क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५च्या आणि हडलस्टन-पुलम यांच्या २००२च्या, तिची सविस्तर दखल घेतली आहे. प्रत्यक्ष बोलल्या-लिहिल्या गेलेल्या भाषेच्या मोठ्या संग्रहांवर उभ्या असलेल्या बायबर आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या व्याकरणातून जे चित्र मिळतं ते शिक्षकांनी ध्यानात ठेवावं असं आहे. गप्पांमध्ये ही रचना विरळ. अपवाद 'नायदर डू आय' किंवा 'नॉर कॅन शी' अशा छोट्या जोडवाक्यांचा, ती मात्र तोंडी सहज येतात. कथा-कादंबऱ्या, बातम्या, भाषणं, करारपत्रं ही तिची खरी घरं.

भाषणांतली दोन वाक्यं जगभर गाजली आहेत. २० ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश संसदेत चर्चिल यांनी विमानदलाच्या लढवय्यांबद्दल जे वाक्य उच्चारलं ते 'नेव्हर'नं सुरू होतं. मग मानवी संघर्षाच्या साऱ्या क्षेत्राचा लांब फेरा, मग 'वॉज', आणि कर्ता त्यानंतर. त्या लांब फेऱ्यात ऐकणारा श्वास धरून क्रियापदाची वाट पाहत राहतो. १० मे १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर नेल्सन मंडेलांनी 'नेव्हर' तीनदा म्हटलं आणि मग 'शॅल इट बी'. 'इट शॅल नेव्हर बी' म्हटलं असतं तर अर्थ तोच राहिला असता. पण तीन नकार आधी ऐकू आल्यावर पुढचं जे काही येणार ते नाकारलेलंच आहे, हे प्रिटोरियातल्या मैदानात शेवटच्या माणसालाही कर्ता उच्चारायच्या आत समजलं होतं. येस्पर्सन म्हणत होते ते हेच.

दुसरं टोक तुमच्या खिशात आहे. मोबाइलमध्ये नवं ॲप घेताना आपण न वाचता 'मान्य' दाबतो, त्या मजकुरात बहुधा एक परिच्छेद 'इन नो इव्हेंट शॅल' असा सुरू होतो. कोणत्याही परिस्थितीत कंपनी जबाबदार राहणार नाही. पुढे नुकसानीच्या प्रकारांची लांबलचक यादी असते. वकिलांनी हा क्रम दिमाखासाठी निवडला नाही. यादी कितीही लांबली तरी पहिल्या तीन शब्दांतला नकार शेवटच्या शब्दापर्यंत पोचला पाहिजे, फट राहता कामा नये, हा हेतू. एकदा मी हा परिच्छेद छापून वर्गात वाटला आणि नकार कुठून कुठवर पसरलाय ते पेन्सिलीनं दाखवायला सांगितलं. रेघ पान ओलांडून गेली. व्याकरणाच्या तासाला मुलं इतकी शांत बसलेली मी क्वचितच पाहिली.

सगळ्या इंग्रजी एकसारख्या नाहीत, हेही आढाव्यात यायला हवं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत 'कान्ट नोबडी बीट हिम' अशी वाक्यं असतात. प्रश्न नसताना नकारासकट साहाय्यक क्रियापदच सर्वांत पुढे, आणि कर्ताही नकारार्थी. भाषाभ्यासक विल्यम लबाव्ह यांनी १९७२च्या लेखात या रचनेचे नियम दाखवून ती गलथान भाषा नाही, शिस्तीची भाषा आहे, हे सिद्ध केलं. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण व्याकरणाच्या नावाखाली माणसांना हिणवणं आपल्याकडेही कमी नाही. आपल्या भारतीय इंग्रजीचा कल आणखी निराळा. 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' असं आपण म्हणतो, म्हणजे जिथे उलटायचं नाही तिथे उलटवतो. कारण मराठीत 'तो कुठे आहे?' आणि 'तो कुठे आहे मला माहीत नाही' यांत प्रश्नाचा क्रम तोच राहतो. इंग्रजीत प्रश्न पोटवाक्यात गेला की क्रम सरळ होतो. उलटापालट हे मुख्य वाक्याचं लक्षण आहे, पोटवाक्यात ती फार थोड्या ठिकाणी चालते. हे ठाऊक नसल्यानं 'नॉट अंटिल'मध्येही मुलं चुकीच्या उपवाक्यात 'डिड' घालतात.

परीक्षांनी या रचनेचं काय केलंय? केंब्रिजच्या वरच्या दोन पातळ्यांच्या परीक्षांत दिलेला शब्द वापरून वाक्य बदलायचे प्रश्न असतात, तिथे ती हमखास अभ्यासाला असते. आयईएलटीएसच्या लेखनात चार निकषांपैकी एक व्याकरणाचं वैविध्य आणि अचूकता हा. त्यामुळे परदेशी निघालेल्या मुलांना क्लासमध्ये सल्ला मिळतो, निबंधात दोन-तीन इन्व्हर्जन टाका. मग 'सेल्डम डू पीपल यूज प्लास्टिक बॅग्ज' असं काहीतरी येतं, जे व्याकरणात बसतं आणि वस्तुस्थितीत बसत नाही. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. नकार पुढे आणायचा तो तो नकारच सांगायचा असेल तेव्हा.

मी आता सूत्र शेवटी सांगतो. आधी दगडाची दोन वाक्यं, मग शेपटीचा प्रश्न, मग मराठी जोड्या. कार्डांवर 'नेव्हर', 'हॅव', 'आय', 'सीन' लिहून चार मुलांना उभं करतो. 'नेव्हर' धरलेला मुलगा पहिल्या जागी गेला की 'हॅव'नं त्याच्यामागे धावायचं. एक-दोनदा 'आय' मध्ये उभा राहतो, वर्गच ओरडून त्याला मागे पाठवतो. त्यानंतर घरी एकच वाक्य लिहून आणायचं, स्वतःच्या घरातलं, ज्यात नकार खरा असेल. गेल्या वर्षी एका मुलीनं आईबद्दल लिहिलं. आई पहाटेच्या पहिल्या एसटीनं तालुक्याच्या बाजारात भाजी घेऊन जाते, बारा वर्षं. वाक्य होतं, 'नॉट वन्स डिड माय मदर मिस द फर्स्ट बस.' आधी 'मिस्ड' लिहून त्यातली शेवटची दोन अक्षरं तिनं खोडली होती. खाली मराठीत लिहिलं होतं, एकदाही चुकवली नाही.